सापाचं बाळंतपण

मराठी माणसाचा सापाशी संबंध तीनच ठिकाणी येतो : म्हणीत, पंचमीला आणि मोरीत. म्हणीतला साप सोयीचा असतो. तो नसला तरी भुई धोपटता येते. पंचमीचा साप पाटावर चंदनानं काढलेला असतो. त्याला लाह्या-दूध दाखवून तेच दूध नंतर चहात घालता येतं. मोरीतला साप मात्र खराखुरा असतो, आणि तो दिसला की पहिले दोन साप काही कामाला येत नाहीत. अशा वेळी कोणी म्हणालं, "अहो, थांबा, ती मादी आहे आणि तिला दिवस गेलेत," तर? मांजरीला दिवस गेले की आपण खोक्यात जुनं लुगडं अंथरतो. गाईला गेले तर पेंड वाढवतो. पण सापालाही दिवस जातात हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. साप हा एकदम फणा काढलेल्या अवस्थेतच पृथ्वीवर आला, अशी आपली पक्की समजूत.

तरीही या जगात सापिणीच्या उशाशी बसून राहिलेली माणसं होऊन गेली आहेत. हा त्यांचा इतिहास. मी इतिहासाचा माणूस नव्हे. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. त्यामुळे राजेरजवाड्यांपेक्षा नोंद, आकडा आणि मुदत यांच्याकडे माझं लक्ष आधी जातं. सापाच्या बाळंतपणात या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत.

पहिली मोठी नोंद फ्रान्सच्या खात्यावर पडते. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानात येऊन गेला. परत गेल्यावर त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं, की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि ती चक्क उबवते. अकादमीतल्या विद्वानांना हसू आलं. साप थंड रक्ताचा. तो ऊब आणणार कुठून? त्यांनी प्रकरण निकालात काढलं. यात मला नवल वाटत नाही. आडगावच्या शाखेनं काहीही कळवलं, तरी हेड ऑफिसला ते आधी खोटंच वाटतं.

पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिबागेत, म्हणजे हेड ऑफिसच्या अंगणात, एका अजगरीणीनं पंधरा अंडी घातली. ही आपल्याकडच्या अजगराची पूर्वेकडची चुलत बहीण. तिनं अंड्यांचा ढीग केला, त्यावर वेटोळं घातलं, वर डोकं ठेवलं आणि छप्पन्न दिवस तिथून हलली नाही. खाल्लं काही नाही; पाणी तेवढं प्यायली. व्हॅलेन्सिएन्न नावाच्या शास्त्रज्ञानं थर्मामीटर घेऊन तिच्या वेटोळ्यातलं तापमान मोजलं. ते बाहेरच्या हवेपेक्षा सरळ जास्त भरलं. जुलैत पंधरापैकी आठ अंडी फुटली. अकादमीनं लामार-पिकोची माफी मागितली की नाही, हे विचारू नका. हेड ऑफिस माफी मागत नाही, फक्त सुधारित परिपत्रक काढतं.

ही ऊब येते कुठून, याचा उलगडा व्हायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिबागेतल्या एका भारतीय अजगरीणीवर अभ्यास प्रसिद्ध झाला. थंडी वाढली, की ती आपले स्नायू आखडायची आणि सोडायची, आखडायची आणि सोडायची. जितकी थंडी जास्त, तितका हा ठेका जलद. म्हणजे ती मुद्दाम कुडकुडत होती! आपण कुडकुडतो ते स्वतःसाठी. ही कुडकुडते ती अंड्यांसाठी, तेही दोन महिने उपाशीपोटी. हे मी आमच्या हिला वाचून दाखवलं, तेव्हा ती कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "त्यात काय मोठंसं? आणि तिचा नवरा त्या वेळी काय करत होता?" शास्त्रज्ञांनी नोंद केलेली नाही.

आता १८६२ सालाकडे या. या एका सालाच्या खतावणीत डाव्या-उजव्या बाजूला अशा दोन नोंदी आहेत, की त्या शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय माझ्यातला कारकून स्वस्थ बसणार नाही. जानेवारीत लंडनच्या प्राणिबागेत एका आफ्रिकन अजगरीणीनं सुमारे शंभर अंडी घातली. लंडनकर ती बघायला लोटले. बाई अंड्यांवर एप्रिलपर्यंत बसून राहिल्या, पण एकही अंडं फुटलं नाही. ही झाली एक नोंद. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच इंग्रजांच्या राज्यात, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारनं मेलेल्या फुरशामागे रोख बक्षीस दिलं, आणि आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी सरकारजमा झाली. बक्षीस चालू असलेल्या सहा वर्षांची सरासरी निघाली वर्षाला २,२५,७२१. त्या वेळच्या रत्नागिरीच्या खजिनदाराविषयी मला अपार सहानुभूती आहे. आम्ही फाटक्या नोटा मोजताना तोंड वाकडं करतो. त्या माणसानं काय मोजलं असेल!

इंग्रजांच्या बक्षिसासाठी दिल्लीत लोक घरोघर नाग पाळून त्यांची पैदास करू लागले, अशी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या वर्गात हमखास सांगतात. ती नुसती गोष्टच आहे. तिला दप्तरी पुरावा नाही. रत्नागिरीचा आकडा मात्र दप्तरातला आहे. आणि त्यातली गंमत अशी, की फुरशाची अंडी पाळायची कोणी ठरवली असती, तरी ती मिळाली नसती. फुरसं अंडी घालतच नाही. ते आणि घोणस थेट पिल्लांनाच जन्म देतात. लाखांनी मारूनही फुरसं आज रत्नागिरीच्या कातळावर सुखेनैव नांदतं आहे. मुद्दल शिल्लक असेपर्यंत व्याज थांबत नाही, हा नियम सापांनाही लागू आहे.

मारून हिशेब मिटत नाही, तेव्हा पाळून बघावं, ही अक्कल मुंबईला परळला सुचली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली हाफकीनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला त्यांचंच नाव मिळालं. सापाच्या विषावरची लस याही संस्थेत तयार होऊ लागली. रीत अशी : सापाचं विष काढायचं, ते घोड्याला अगदी थोड्या मात्रेनं, हळूहळू वाढवत द्यायचं, घोड्याच्या रक्तात विषाला तोंड देणारी द्रव्यं तयार झाली, की ती काढून औषध करायचं. बँकेच्या भाषेत साप ही मुदत ठेव. विष हे व्याज. साप मारला, तर ठेवच मोडली. याच संस्थेतल्या डॉ. पी. जे. देवरसांचं भारतातल्या सापांवरचं इंग्रजी पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं.

त्यानंतरचं नाव नीलिमकुमार खैरे. हा मनुष्य माथेरानला हॉटेलात नोकरी करत होता. लोक दिसेल तो साप मारत, आणि याला ते बघवेना. साप आपण होऊन कोणाच्या अंगावर येत नाही हे पटवायला त्यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सोबतीत ७२ तास काढले. बाहेर येताना ते जिवंत होते, आणि सापही. मी वीस वर्षं काउंटरच्या काचेआड बसतो आहे. काचेच्या या बाजूला धोका कमी असतो, हे मी अनुभवानं सांगतो. पुढे १९८६ साली पुण्यात कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, ते खैऱ्यांच्याच खटपटीनं. साप पैसे देऊन, रांगेत उभं राहून, मुलाबाळांसकट बघायची वस्तू आहे, ही कल्पना पुणेकरांनी मान्य केली. पुणेकरांनी पैसे देऊन काही बघितलं, एवढ्यावरूनही खैऱ्यांची थोरवी ध्यानात यावी.

आता आमच्या गावाकडे वळू. "आयत्या बिळात नागोबा" ही म्हण आमच्या मीरा-भाईंदरला उलटी लागू पडते. इथं मिठागरं होती, खाजणं होती, भातशेती होती. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिळं तयार होती आणि त्यांत नागोबा सुखी होते. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती जाऊन नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि त्या आयत्या बिळांवर आम्ही सात-सात मजली नागोबा येऊन बसलो. तेव्हा पार्किंगमध्ये साप निघाला, की "घुसखोर" कोण, हे ठरवताना जरा जपून बोलावं.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या मीटर-रूममध्ये एक धामण सापडली. आमच्या इमारतीतच एक तरुण सर्पमित्र राहतो. त्यानं तिला अलगद धरलं, तोंडाला जाळी असलेल्या बरणीत ठेवलं, वनखात्याला रीतसर कळवलं आणि सकाळी सोडायचं ठरवलं. सकाळी बरणीत धामण एक आणि अंडी अकरा. तिला लगेच जवळच्या झाडीत सोडलं. वनखात्याला पुन्हा फोन झाला आणि अंडी फुटेपर्यंत या पोराकडेच ठेवायचं ठरलं.

सोसायटीची तातडीची सभा भरली. सेक्रेटरींचा मुद्दा कायद्याचा होता : "उपविधीत पोटभाडेकरू ठेवायला पूर्वपरवानगी लागते." पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा प्रश्न व्यवहाराचा होता : "अकरा म्हणजे अकराही फुटणार का हो?" कोणी म्हणालं, नागीण डोळ्यांत फोटो काढून ठेवते. पोरानं सांगितलं, की ही धामण, बिनविषारी, उंदीर खाते. मीटर-रूमच्या वायरी गेल्या वर्षी उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि त्याचा खर्च प्रत्येकाच्या देखभाल बिलात आला होता. एवढं आठवल्यावर सभेत धामणीविषयी एकदम आपुलकी दिसू लागली.

फक्त आमचे वॉचमन काका गप्प होते. काका रत्नागिरीकडचे. सभा उठल्यावर ते त्या पोराला म्हणाले, "बाबा रे, तुला ती धामण दिसते. मला नुसता साप दिसतो. माझा थोरला भाऊ गवत कापताना फुरशानं गेला. चार दिवस नाकातोंडातून रक्त येत होतं. इंजेक्शन गावात नव्हतं."

यावर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. आपल्या देशात सन २००० ते २०१९ या काळात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००; असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले, शेतात राबणारे. सापावर हलकंफुलकं लिहिणं हे सिमेंटच्या मजल्यावर राहणाऱ्याला परवडतं. काकांची भीती अडाणीपणाची नव्हती. तिच्यापाठी त्यांच्या घरचा माणूस होता. पोरानंही उपदेश केला नाही. म्हणाला, "काका, रोज रात्री राउंड मारता तेव्हा डबा एकदा बघत जा. तापमान लिहून ठेवायचं आहे. मला कॉलेजमुळे जमत नाही."

सापाच्या अंड्यांचं करायचं काय, ते मला या निमित्तानं कळलं. कोंबडी आपलं अंडं दिवसातून अनेकदा फिरवते. सापाचं अंडं फिरवायचं नाही. घातल्यावर एखाद्या दिवसात आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो; अंडं उलटं केलं, की तो गुदमरतो. म्हणून पेन्सिलीनं वरच्या बाजूला हलकी खूण करायची. कवच टणक नसतं, चामड्यासारखं असतं, आणि ते बाहेरची ओल पितं. म्हणून डब्यात ओलसर काथ्याचा भुसा घालायचा. इतका ओला, की मुठीत दाबला तर पाणी गळू नये. हवेला भोकं ठेवायची. ऊन नको, पंखा नको. अंश अठ्ठावीस-तीसच्या आसपास राहावेत. आणि मग काय? मग काही नाही. साठ दिवस वाट बघायची. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड.

काकांनी व्हिजिटर्स बुकाच्या शेवटच्या पानावर रकाने आखले. तारीख, वेळ, अंश, सही. सुरुवातीला ते डबा हातभर लांबून बघत. जुलै निम्मा सरता सरता एक अंडं पिवळं पडून बसलं, तेव्हा फोन करून पोराला रात्री साडेअकराला खाली बोलावणारे काकाच. "साहेब, दहा राहिली," असं त्यांनी मला सकाळी गाडीच्या गर्दीत सांगितल्यासारखं घाईनं सांगितलं. नागपंचमी ९ ऑगस्टला होती. सगळ्यांची इच्छा त्या दिवशी फुटावीत अशी. पण पिल्लं सरकारी कामासारखी पाच दिवस उशिरा, १४ ऑगस्टला आली. आधी कवचाला चीर पडते. पिल्लाच्या तोंडाशी त्यापुरता एक दात असतो, तो नंतर गळून जातो. मग चिमुकलं डोकं बाहेर येतं आणि तसंच तासन् तास थांबतं. आत जावं, का बाहेर पडावं? विरार लोकलच्या दारात उभ्या असलेल्या, भाईंदरला उतरू बघणाऱ्या माणसाचा चेहरा नेमका तसा असतो.

दहापैकी नऊ फुटली. वनखात्याच्या माणसांबरोबर पोरानं ती जंगलाच्या कडेला सोडली. काका गेले नाहीत. त्यांनी वहीत शेवटच्या ओळीत लिहिलं : "नऊ गेले." आणि खाली सही केली.

पंचमीची गोष्ट निघाली आहे, तर तिचाही हिशेब बघून घेऊ. नागीण साधारण एप्रिल ते जुलैमध्ये बारा ते तीस अंडी घालते, आणि ती दीड-दोन महिन्यांत फुटतात. म्हणजे श्रावणातली पंचमी येते ती नेमकी तिच्या बाळंतपणाच्या दिवसांत. शेत नांगरू नये, जमीन खणू नये, काही चिरू-कापू नये, अशी जी त्या दिवसाची जुनी पथ्यं आहेत, ती बाळंतिणीच्या खोलीबाहेर पाळायच्या पथ्यांसारखीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला याच दिवसांत जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढत. वन्यजीव कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांच्यापुढे ती जुनी पद्धत थांबली. पूजा करावी, पण बाळंतिणीला वरातीत नेऊ नये, एवढंच कायद्याचं म्हणणं.

कायद्याचं आणखीही म्हणणं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचा साप घरात पाळता येत नाही. मग हौशी लोकांनी परदेशी साप आणले. आफ्रिकेतला बॉल पायथन हा त्यांतला लाडका. भित्रा, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा. २०२० साली केंद्र सरकारनं सांगितलं, की ज्यांच्याकडे असे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत आपण होऊन जाहीर करावं, कागदपत्रं मागणार नाही. मला एकदम १९९७ ची काळ्या पैशाची योजना आठवली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नियमच आले : नोंदणी करा, हस्तांतर कळवा, जन्म कळवा, मृत्यू कळवा. तेव्हा घरातल्या अजगरीणीनं जेवण सोडलं, पोटाचा मागचा भाग फुगला, तिनं कात टाकली आणि ती उबेच्या बाजूला जाऊन पडू लागली, तर मालकानं दोन तयाऱ्या कराव्यात : डब्यात ओलसर भुसा आणि हातात जन्माच्या नोंदीचा अर्ज. अंडी साधारण सहा येतात. अर्ज किती लागतील, ते सरकार ठरवेल.

"पण आमच्याकडे नरच नाही," असं म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिबागेत निदान ६२ वर्षांच्या एका बॉल पायथन आजीबाईंनी २०२० च्या जुलैमध्ये सात अंडी घातली. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यांची नराशी गाठ पडलेली नव्हती. या जातीत असं घडू शकतं. आमच्या बँकेत ६० ला निवृत्त करतात.

आणि आता शेवटची गोष्ट. आपल्या गॅलरीतली तुळशीची कुंडी घ्या. तिच्या मातीत कधीतरी गांडुळासारखा, पण चकचकीत काळपट, सुतळीएवढा एक जीव वळवळताना दिसतो. तो गांडूळ नव्हे. तो वाळा, आपल्याकडचा सर्वांत लहान साप. बिनविषारी, जवळजवळ आंधळा, मुंग्यांची अंडी आणि वाळवी खाऊन जगणारा. या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि त्या एकट्याच्या बळावर अंडी घालतात. कुंड्यांच्या मातीतून, बिनतिकिटाच्या, त्या जगभर पोचल्या आहेत. म्हणजे मीरा रोडपासून उत्तनपर्यंत, ज्यांच्या घरी कुंडी आहे त्यांच्या घरी पाळलेली सापीण असू शकते, आणि पावसाळा तोंडावर आला की तिला दिवसही गेलेले असू शकतात. तिला दूध नको, लाह्या नकोत, नोंदणीही नको. पुढच्या वेळी कुंडीतली माती बदलाल, तेव्हा खुरपं जरा हळू चालवा.